पडद्यावरचे अपंग, बातमीतले अपंग आणि आपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लहानपणापासून कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणाऱ्या लोखंडी पट्ट्या, लावून चालते. सिनेमा, सिरीयल, बातम्या, रील्स यांच्यात अपंग माणसं कशी दाखवतात हा विषय निघाला की मला तेच तेच प्रश्न विचारले जातात, कधी खरंच समजून घ्यायला तर कधी जरा चिडून, म्हणून सगळ्यांची उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतेय. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ती दोन ओळीत सांगितली की अर्धवट कळतात.

प्रश्न: सिनेमा बघून खरंच कुणाचं मत बदलतं का? करमणूक आहे ती, लोक बघतात आणि विसरतात.

एका सिनेमाने नाही बदलत. जॉर्ज गर्बनर नावाच्या अभ्यासकाने अमेरिकेत टीव्हीवर वर्षानुवर्षं संशोधन केलं, त्याचं म्हणणं थोडक्यात असं की एखादा कार्यक्रम आपल्याला काही पटवून देत नाही, पण तेच चित्र पुन्हा पुन्हा दिसत राहिलं की हळूहळू जगच तसं आहे असं वाटायला लागतं. आता ज्याच्या घरात, वर्गात, ऑफिसमध्ये एकही अंध माणूस नाही त्याला अंध माणसाबद्दल जे काही 'माहीत' असतं ते आलं कुठून? काळा चष्मा, हात पुढे करून चाचपडणं, समोरच्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवून ओळखणं, हे सगळं पडद्यावरचं. माझ्या अंध मित्रमैत्रिणींपैकी एकानेही आजवर कुणाच्या चेहऱ्यावरून असा हात फिरवलेला नाही, पण 'माझा चेहरा हात लावून बघ ना' असं म्हणणारे अनोळखी लोक मात्र त्यांना भेटलेत. विसरतात म्हणता ना, स्टोरी विसरतात, त्यातलं हे बरोबर लक्षात राहतं.

प्रश्न: पण अपंग लोक असतात किती? प्रत्येक कथेत कशाला हवेत?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यानुसार जगात सुमारे १३० कोटी, म्हणजे साधारण दर सहा माणसांत एक. आणि पडद्यावर? २०१५ मध्ये सगळ्यात जास्त कमाई केलेल्या १०० इंग्रजी सिनेमांची मोजदाद झाली होती, त्यात बोलणाऱ्या पात्रांपैकी अपंग पात्रं होती २.४ टक्के. प्रत्येक कथेत हवेत असं कुणी म्हणतच नाहीये. कोर्टातला वकील, शेजारची काकू, बँकेतला कॅशियर, हिरॉईनची खडूस बॉस, यातलं कुणीतरी कुबडी घेऊन आलं आणि कुबडीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, एवढं झालं तरी मला खूप आहे.

प्रश्न: नेहमी दिसणारे साचे कोणते?

मला सगळ्यात आधी आठवतो तो खलनायक. तोंडावर व्रण, एक डोळा नाही, हाताच्या जागी आकडा, म्हणजे शरीर मोडलेलं तर मनही मोडलेलं असणार हे प्रेक्षकाला एका शॉटमध्ये सांगायची ही जुनी युक्ती आहे. मग तो बिचारा, ज्याचं कथेत काम एवढंच की हिरो किती चांगला आहे ते दिसावं, हिरोने त्याला रस्ता पार करून दिला की त्याचा रोल संपला. मग तो कडवट झालेला माणूस, जो अपघातानंतर खोलीत बसून असतो आणि कुणीतरी येऊन त्याला 'जगायला शिकवतं'. मग चमत्कार, शेवटच्या रीळमध्ये धक्का बसतो आणि आवाज परत येतो किंवा दिसायला लागतं. हा शेवटचा साचा मला सगळ्यात जास्त लागतो, कारण कथा सुखात संपायची असेल तर अपंगत्व जायलाच हवं, असं तो सांगतो. माझं जाणार नाहीये, आणि माझी कथा तरीही छान चाललेली आहे.

प्रश्न: बरं, वाईट दाखवू नये हे पटलं. पण कौतुक केलेलंही तुम्हाला चालत नाही, हे काही कळत नाही.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर. स्टेला यंग नावाची ऑस्ट्रेलियन पत्रकार आणि कॉमेडियन होती, स्वतः व्हीलचेअर वापरायची, तिचं २०१४ मधलं भाषण जगभर पाहिलं गेलं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती गेली. ती पंधरा वर्षांची असताना गावातलं कुणीतरी तिच्या आईवडिलांकडे आलं, तिला पुरस्कारासाठी सुचवायचं होतं, आईवडील म्हणाले ठीक आहे पण तिने तसं काही केलेलंच नाहीये. आणि ते खरंच होतं, ती शाळेत जात होती, सुट्टीत टीव्ही बघत होती, बाकीच्या मुलींसारखीच. तिचा मुद्दा असा होता की कृत्रिम पायांवर धावणाऱ्या मुलीचा फोटो आणि खाली 'आता तुमचं कारण काय?' असं लिहिलेलं पोस्टर, हे त्या मुलीसाठी नसतंच, ते बघणाऱ्यासाठी असतं, म्हणजे त्याला वाटावं की माझं काहीही बिघडलेलं असो, या मुलीपेक्षा तर बरं आहे. त्या मुलीला एक वस्तू म्हणून वापरलं जातं, इतरांना बरं वाटावं म्हणून. आणि जिन्याकडे बघून कितीही हसलं तरी त्याचा रॅम्प होत नाही, असंही ती म्हणायची.

आता माझं सांगते. एका परीक्षेत मला चांगले मार्क मिळाले तेव्हा एका पेपरात माझ्यावर चौकट आली होती, 'अपंगत्वावर मात' असं हेडिंग, आणि आत लिहिलं होतं की परीक्षेचं सेंटर दुसऱ्या मजल्यावर असूनही ती जिद्दीने जिने चढत राहिली. घरच्यांनी कात्रण जपून ठेवलंय, आईला अजून त्याचा अभिमान आहे आणि तिच्या त्या अभिमानाला मला धक्का लावायचा नाहीये. पण ती चौकट वाचून एकाही वाचकाला प्रश्न पडला नाही की सेंटर दुसऱ्या मजल्यावर का होतं, लिफ्ट का नव्हती, खालची एक खोली का नाही दिली. माझ्या जिद्दीने जिना झाकून टाकला. ज्या दिवशी मी जिने चढले त्या दिवशी दुसऱ्या कुणी ते जिने बघून घरी परत गेलं असेल तर त्याची चौकट कुठेच आली नाही, उलट माझ्या चौकटीमुळे त्याला 'ती करू शकते तर तू का नाही' असं ऐकावं लागलं असणार.

म्हणून माझा हल्ली एकच निकष आहे. फोटो असो, बातमी असो, सिनेमा असो, फ्रेममध्ये जिना आहे का? म्हणजे माणसाला अडवणारी गोष्ट दिसतेय का, की फक्त माणूसच दिसतोय, बिचारा म्हणून किंवा शूर म्हणून. दया आणि कौतुक मला उलट वाटत नाहीत, कारण दोन्हीत जिना कापलेला असतो.

प्रश्न: आम्ही तर लहानपणी हेलन केलरचा धडा वाचला आणि आदरच वाटला. ती तर चांगली प्रतिमा झाली ना?

धडा कुठे संपतो ते आठवा. पंपाखाली हात, पाणी, 'पाणी' हा शब्द तळहातावर लिहिला जातो आणि बघू आणि ऐकू न शकणाऱ्या सहा-सात वर्षांच्या मुलीला कळतं की वस्तूंना नावं असतात. सुंदरच प्रसंग आहे. पण ही बाई १९६८ पर्यंत जगली, ८७ वर्षं! १९०४ मध्ये पदवीधर झाली, समाजवादी पक्षात गेली, स्त्रियांच्या मताधिकारासाठी, कामगारांसाठी लिहीत बोलत राहिली, १९२० मध्ये नागरी हक्कांसाठी लढणारी जी मोठी अमेरिकन संघटना निघाली तिच्या संस्थापकांमध्ये ती होती. तिनेच लिहून ठेवलंय की ब्रुकलिनच्या एका पेपरच्या संपादकाने आधी तिचं लाज वाटेल इतकं कौतुक केलं होतं, आणि ती समाजवादी झाल्यावर त्यानेच लिहिलं की तिच्या चुका तिच्या वाढीतल्या मर्यादांमुळे होतात. म्हणजे ती गप्प आणि गोड होती तोवर प्रेरणा, आणि कारखान्यातल्या अपघातांमुळे, गरिबीमुळे लोक आंधळे होतात असं बोलायला लागली की लगेच 'बिचारीला काय कळतं'. आपल्याला पंपाजवळची मुलगी दिली आणि पुढची ८० वर्षं काढून घेतली, याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्रश्न: वाईट चित्रणाने जास्तीत जास्त काय होईल? भावना दुखावतील, एवढंच ना?

नाही, एवढंच नाही. ब्रिटनमधलं उदाहरण घ्या. ग्लासगोच्या संशोधकांनी २००४-०५ आणि २०१०-११ मधली वर्तमानपत्रं शेजारी ठेवून तपासली, दुसऱ्या काळात अपंगांना मिळणाऱ्या सरकारी भत्त्यांवर कात्री लावायची चर्चा जोरात होती. सहानुभूतीच्या बातम्या कमी झाल्या होत्या आणि 'फुकटे', 'ढोंगी' अशा सुराच्या वाढल्या होत्या. मग त्यांनी लोकांना गटागटाने बसवून विचारलं की भत्ता घेणाऱ्यांपैकी खोटे किती असतील, तर कुणी कुणी ७० टक्क्यांपर्यंत गेलं. अपंगत्व भत्त्यातल्या फसवणुकीचा सरकारचा स्वतःचा अंदाज होता ०.५ टक्के! लोकांनी हे ७० कुठून आणलं तर रोजच्या पेपरातून, आणि मग ज्याला भत्ता मिळतो त्याने बसमध्ये दोन मिनिटं उभं राहून दाखवलं तरी शेजारचा संशयाने बघतो. व्हीलचेअर वापरणारे बरेच लोक थोडं चालू शकतात, हे साधं सत्य कुठल्या पेपरने कधी सांगितलं?

आणि याहून वाईटही झालंय. नाझी जर्मनीत १९३८ च्या सुमारास एक पोस्टर होतं, खुर्चीत बसलेला अपंग माणूस, मागे उभा पांढऱ्या कोटातला माणूस, आणि मजकूर असा की हा माणूस आयुष्यभरात समाजाला ६०,००० मार्कांना पडतो, हा तुमचाही पैसा आहे. शाळेच्या गणिताच्या पुस्तकात असल्या खर्चाची उदाहरणं होती, 'दयामरणा'ची बाजू घेणारे सिनेमे निघाले, आणि त्याच राजवटीत अपंग आणि मनोरुग्ण म्हणून सुमारे अडीच लाख माणसं मारली गेली. एका विनोदी सीनमधून कुणी थेट तिथे पोचतं असं मी म्हणत नाहीये. पण 'हे ओझं आहेत' हे वाक्य कुठेही ऐकलं, अगदी प्रेमळ आवाजातसुद्धा, तरी माझ्या अंगावर काटा येतो तो यामुळे.

प्रश्न: दया दाखवून निधी तर जमतो. त्यात काय वाईट?

निधी जमतो हे खरंच आहे. अमेरिकेत स्नायूंच्या आजारासाठी १९६६ पासून २०१० पर्यंत दर वर्षी जेरी लुईस हा कॉमेडियन टीव्हीवर तासन्‌तास चालणारा कार्यक्रम करायचा, त्यातून प्रचंड पैसा उभा राहिला. त्यात लहान मुलांना समोर आणून, ही मुलं किती दुःखात आहेत हे दाखवून लोकांना फोन करायला लावायचे. गंमत म्हणजे, नको, गंमत नाही म्हणत, दुःखाची गोष्ट म्हणजे त्यातली काही मुलं मोठी झाल्यावर १९९० च्या दशकात याच कार्यक्रमाविरुद्ध रस्त्यावर उतरली. त्यांचं म्हणणं, ज्या प्रेक्षकाने मला रडत रडत पैसे दिले तोच उद्या माझा इंटरव्ह्यू घेणार आहे, तो मला नोकरी कशी देईल? लंडनमध्येही १९९२ मध्ये अशाच एका टीव्ही कार्यक्रमाबाहेर अपंग लोकांनी निदर्शनं केली आणि त्यानंतर तो कार्यक्रम पुन्हा झाला नाही. मदत मागायचीच असेल तर कशासाठी हवीय ते सांगा, व्हीलचेअरची किंमत, फिजिओथेरपीचा खर्च, जे असेल ते. रडवायची गरज पडत नाही.

प्रश्न: मानसिक आजार असलेले लोक धोकादायक असतात हे तर बातम्यांमध्ये रोज दिसतं.

बातमीत येतं म्हणून दिसतं. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं हिंसा करण्यापेक्षा हिंसेला बळी पडण्याची शक्यता कितीतरी जास्त असते, आणि अमेरिकेतल्या एका गाजलेल्या अंदाजानुसार समाजातल्या एकूण हिंसेपैकी जेमतेम ४ टक्के हिंसा अशा आजारांशी जोडता येते, बाकीच्या ९६ ची कारणं दुसरी, दारू, भांडणं, सूड, पैसा. पण हल्ला झाला की पहिल्या तासात 'माथेफिरू' शब्द येतो, कुणी तपासलेलं नसतं तरी. ज्याला स्वतःला आजारामुळे नसलेले आवाज ऐकू येतायत तो हे वाचतो आणि डॉक्टरकडे जायच्या ऐवजी लपवतो.

प्रश्न: ऑटिझम म्हणजे गणितात जिनियस, असंच ना?

नाही. हे बऱ्याच अंशी 'रेन मॅन' या १९८८ च्या सिनेमामुळे डोक्यात बसलंय. ज्या किम पीक या माणसाला भेटून त्यातलं ऑटिस्टिक जिनियसचं पात्र सुचलं त्याची स्मरणशक्ती अफाट होती, पण तो ऑटिस्टिक नव्हता असंच नंतर तज्ज्ञांचं मत झालं. बहुतेक ऑटिस्टिक लोकांकडे अशी काही जादू नसते. त्या सिनेमामुळे ऑटिझम हा शब्द घराघरात पोचला हे मी नाकारणार नाही, त्याआधी आईवडिलांना शब्दच माहीत नव्हता. पण आज ऑटिस्टिक मुलाच्या आईला पाहुणे पहिला प्रश्न विचारतात की 'मग याच्यात काय स्पेशल आहे?' आणि मुलगा तिथेच बसलेला असतो.

प्रश्न: धडधाकट अॅक्टरने अपंगाचा रोल केला तर काय बिघडलं? अॅक्टिंग म्हणजे तेच ना?

अॅक्टिंग दोन्हीकडून व्हायला हवं ना पण. अपंग अॅक्टरला धडधाकट माणसाचा रोल तर मिळणारच नाही, आणि जो एकमेव रोल त्याचा होता तोही गेला. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या गाजलेल्या टीव्ही मालिकांची पाहणी झाली तेव्हा ९५ टक्क्यांपेक्षा जास्त अपंग पात्रं अपंगत्व नसलेले अॅक्टर करत होते. आणि टॅलेंट नाही म्हणावं तर हॅरोल्ड रसेल, दोन्ही हात युद्धाच्या काळात ट्रेनिंगच्या स्फोटात गेलेला सैनिक, त्याला १९४७ च्या समारंभात एकाच रोलसाठी दोन ऑस्कर मिळाले होते. मार्ली मॅटलिनला १९८७ मध्ये मिळालं, ती बहिरी आहे आणि तेव्हा २१ वर्षांची होती. त्यानंतर दुसऱ्या बहिऱ्या कलाकाराला, ट्रॉय कॉट्सरला, ऑस्कर मिळायला २०२२ उजाडलं. ३५ वर्षं!

अॅक्टरपेक्षाही मला लिहिणाऱ्यांची जास्त काळजी वाटते. अपंग अॅक्टर घेतला आणि कथा तीच चमत्काराची असेल तर काय उपयोग.

प्रश्न: मग विनोद करायचेच नाहीत का?

करा की. जुलै २०२४ मध्ये भारताच्या सुप्रीम कोर्टाने एका सिनेमावरच्या केसमध्ये यावर छान लिहिलंय, सिनेमावर कात्री लावली नाही पण फरक स्पष्ट केला, की अपंग माणसाला कमी लेखणारा विनोद वेगळा आणि अपंगत्वाच्या अनुभवातून आलेला, ते समजून घ्यायला लावणारा विनोद वेगळा. आम्ही आपसात जे विनोद करतो ते ऐकलेत तर हसून पडाल. तोतरं बोलणाऱ्याची नक्कल करून टाळ्या घेण्यात मात्र विनोद कुठे असतो ते मला अजून कळलेलं नाही.

प्रश्न: शब्द कोणता वापरायचा? अपंग, विकलांग, दिव्यांग, की आणखी काही?

यावर आमच्यातच एकमत नाही. 'दिव्यांग' अनेकांना आवडतो, अनेकांना अजिबात नाही, मला नाही आवडत कारण माझ्या पायात दिव्य असं काही नाहीये, मला लिफ्ट हवीय. मी स्वतःला अपंग म्हणते. समोरच्याला विचारा आणि तो सांगेल तो वापरा. 'मूकबधिर' टाळा, बहुतेक बहिरे लोक मुके नसतात, आणि खुणांची भाषा ही पूर्ण भाषा आहे, तिला व्याकरण आहे. 'व्हीलचेअरला खिळलेला' हे तर पूर्ण उलटं, व्हीलचेअर मिळाली म्हणून तर माणूस घराबाहेर पडला. आणि बातमीत आमच्यासमोर 'सामान्य माणसं' असं लिहितात तेव्हा आम्ही कोण झालो?

आपल्या भाषेतच किती मुरलंय बघा, 'लंगडी सबब', 'सरकार आंधळं आणि बहिरं झालंय', 'आंधळ्यात काणा राजा'. मी म्हणींवर बंदी घाला म्हणत नाही. अग्रलेख लिहिताना मात्र 'बहिरं' ऐवजी 'ऐकून न घेणारं' लिहिलं तर अर्थ उलट जास्त नेमका होतो, कारण बहिऱ्या माणसाने ऐकायला नकार दिलेला नसतो.

प्रश्न: मीडियामुळे कधी चांगलं झालंय का?

झालंय, आणि दोन चित्रं मी नेहमी शेजारी ठेवते. फ्रँकलिन रूझवेल्ट, १९२१ मध्ये ३९ व्या वर्षी आजारपणात पायांतली ताकद गेली, १९३३ ते १९४५ अमेरिकेचा अध्यक्ष. इतकी वर्षं रोज कॅमेऱ्यासमोर, आणि व्हीलचेअरमधले फोटो मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, कारण पत्रकारांनी सांभाळून घेतलं. लोकांना दिसला तो उभा राहिलेला अध्यक्ष, पायात लोखंडी पट्ट्या आणि कुणाचा तरी दंड धरलेला. १९९७ मध्ये त्याचं स्मारक झालं तेव्हाही व्हीलचेअर नीट दिसत नव्हती, अपंग लोकांनी भांडून २००१ मध्ये व्हीलचेअरमधला पुतळा बसवून घेतला.

दुसरं चित्र १२ मार्च १९९० चं. वॉशिंग्टनमध्ये संसदेच्या पायऱ्यांसमोर आंदोलकांनी व्हीलचेअर आणि कुबड्या खाली टाकल्या आणि हातांवर, कोपरांवर सरपटत वर चढायला लागले, त्यात आठ वर्षांची एक मुलगीही होती. भेदभावाविरुद्धचा कायदा तिथे अडकून पडला होता. हे दृश्य टीव्हीवरून देशभर गेलं आणि २६ जुलैला कायद्यावर सही झाली, आता एकट्या या दृश्याने झालं असं नाही, मागे कित्येक वर्षांची चळवळ होती. चळवळीतल्याच काहींना तेव्हा वाटलं होतं की असं सरपटताना बघून लोकांना पुन्हा दयाच येईल. मला तसं वाटत नाही, कारण ते दृश्य त्यांनी स्वतः ठरवलं होतं आणि फ्रेममध्ये वरपासून खालपर्यंत सगळा जिनाच होता.

प्रश्न: मी बातमी लिहितो, रील्स बनवतो. नेमकं काय करू?

आधी विचारा, फोटो काढू का, टाकू का. 'नाही' आलं तर नाही. सोबत आलेल्या आईशी किंवा भावाशी न बोलता थेट त्या माणसाशी बोला. अपंगत्व बातमीचा भाग नसेल तर उल्लेखच नको, चोरी झाली त्याच्या घरी, तर चोरीबद्दल लिहा. त्याला फक्त अपंगत्वाबद्दल विचारू नका, करांबद्दल, क्रिकेटबद्दल, निवडणुकीबद्दल मत घ्यायला अपंग माणूस चालतो. व्हिडिओतलं बोलणं खाली लिहून दिसेल अशी कॅप्शन टाका, फोटोला अल्ट टेक्स्ट, म्हणजे फोटोत काय आहे याचं लेखी वर्णन, द्या, नाहीतर ज्याच्यावर व्हिडिओ केला त्यालाच तो ऐकता किंवा बघता येत नाही, आणि हे फार वेळा होतं.

प्रश्न: मुलांना कार्टून दाखवताना काय करू?

खलनायकाच्या तोंडावर व्रण असेल तर बोलून टाका, 'हा वाईट आहे कारण तो चोरी करतो, व्रणामुळे नाही'. एवढं पुरतं. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने तर २०१८ मध्येच जाहीर केलं की वाईटपणा दाखवायला चेहऱ्यावरचे व्रण वापरणाऱ्या सिनेमांना पैसे देणार नाही. आणि रस्त्यात तुमच्या मुलाने मला 'पायात काय आहे?' असं विचारलं तर त्याला ओढून नेऊ नका, मला उत्तर देऊ द्या, मुलांना लोखंडाचे स्क्रू बघायला आवडतात.

प्रश्न: तुम्ही सांगताय तसला एक प्रेरणादायी व्हिडिओ मी कालच फॉरवर्ड केला. आता?

पुन्हा एकदा बघा. तो माणूस स्वतः बोलतोय का, त्याला माहीत होतं का की शूटिंग चाललंय, आणि तो जे काही 'धडपडत' करतोय ते धडपडत का करावं लागतंय, ते दिसतंय का. दिसत नसेल तर ज्या ग्रुपवर टाकलात तिथेच विचारा की या इमारतीला रॅम्प का नाहीये.